घरात बसणाऱ्यालाही थंडी वाजते

दिवाळी सरते, कापसाची वेचणी निम्म्यावर येते आणि मग एखाद्या पहाटे पत्र्याच्या छतावरून थंडी थेट घरात उतरते. जालना रोडवरच्या आपल्या करमाडला समुद्र जवळ नाही, डोंगराचा आडोसा नाही. हा सगळा उघडा पठारी मुलूख. दिवसा ऊन चटके देते आणि रात्री आकाश निरभ्र असले की जमिनीने दिवसभर साठवलेली ऊब भराभर निघून जाते. घरावरचा पत्रा तर त्याहून लवकर गार पडतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, की हवामान खाते तिला थंडीची लाट म्हणते. छत्रपती संभाजीनगर आणि जालना भागात पारा १० च्या खाली गेल्याचे हिवाळे आपण सर्वांनी पाहिले आहेत.

अशा दिवसांत घरोघर गरम कपड्यांचा विचार सुरू होतो. या विचाराचा एक ठरलेला क्रम असतो. पहिला स्वेटर शाळेत जाणाऱ्या लेकरांना. दुसरे जाकीट पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवर शेंद्र्याच्या कंपनीत जाणाऱ्या कर्त्या माणसाला. मग आजा-आजीला शाल, कानटोपी. आणि घरातल्या बाईला? तिला विचारले की तिचे उत्तर ठरलेले असते, "मला काय करायचं सुटर? मी तं घरातच बसते."

वाचक भगिनींनो, आज आम्हाला या एका वाक्याविषयीच बोलायचे आहे.

घरात बसते, म्हणजे काय करते?

"घरात बसते" असे आपण म्हणतो खरे, पण ती बसून काय करते ते कुणी लिहून काढत नाही. पहाटे चारला उठून कंपनीतल्या पोरांचे डबे करणारी बाई घरातच असते. दिवसभर शिलाई मशीनवर ब्लाउज शिवणारी, साड्यांना फॉल-पिको करणारी, गोधड्या शिवून देणारी, पापड-शेवया करणारी बाईही घरातच असते. तिकडे सोलापूर, सिन्नरकडे हजारो बाया मांडीवर सूप घेऊन घरातच विड्या वळतात. आणि २०२० च्या कोरोनापासून आपली शिकलेली पोरे-पोरीही घरातल्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडून कंपनीचे काम करू लागली. कुणी फोनवर गिऱ्हाइकांशी बोलते, कुणी नोंदी भरते.

हे सगळे कामगार आहेत. विडी कामगारांसाठी १९६६ साली केलेल्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरातून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या दिलेली आहे. कायद्याला जे कळले ते आपल्या घराला अजून कळायचे आहे. कारखान्यातल्या कामगाराला मालकाने गणवेश द्यावा, बूट द्यावेत अशी मागणी आपण करतो. मग जिचा कारखाना घरातच आहे, तिच्या थंडीच्या कपड्याचा विचार कुणी करायचा? तिला मालक दिसत नाही, म्हणून तिची थंडीही दिसत नाही.

बरे, तिची थंडी खरोखर कमी असते का? उलट आहे. माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा त्याच्या शरीरातून साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी ऊब निघते. तोच माणूस झपाझप चालू लागला की ही ऊब जवळपास तिप्पट होते. शेतात कापूस वेचणारी, डोक्यावर ओझे वाहणारी बाई हालचालीने गरम राहते. मशीनपुढे किंवा कॉम्प्युटरपुढे चार तास एका जागी बसणाऱ्या माणसाच्या अंगात ऊब तयारच कमी होते. म्हणजे घरात बसून काम करणाऱ्याला कपडा कमी नव्हे, जास्त लागतो.

यात पोटाचाही प्रश्न आहे. थंडी वाजू लागली की शरीर छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या कातडीकडचा रक्तपुरवठा कमी करते. म्हणून बोटे आधी गारठतात. बोटे गारठली की सुई नीट धरता येत नाही, धागा ओवायला वेळ लागतो, टाका वाकडा पडतो. नगावर पैसे मिळणाऱ्या बाईचे सकाळी चार नग कमी झाले, तर ते तिच्या मजुरीतून गेले. हिवाळाभर असे रोजचे चार-चार नग मोजले तर एका चांगल्या स्वेटरची किंमत त्यातच निघून जाते. स्वेटर न घेऊन वाचवलेला पैसा खरोखर वाचतच नाही.

तीन चीवरांचा धडा

अंगावर नेमके किती कपडे असावेत, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. विनयपिटकाच्या महावग्गात चीवरांचे एक प्रकरण आहे. भगवान बुद्धांनी वाटेने जाताना काही भिक्खू कपड्यांची गाठोडी डोक्या-खांद्यावर घेऊन चाललेले पाहिले. भिक्खूंना किती वस्त्रे पुरेत याची मर्यादा घालावी असे त्यांना वाटले. पण त्यांनी ती मर्यादा मनाने ठरवली नाही. वैशालीला ऐन हिवाळ्यात, हिम पडण्याच्या दिवसांत, ते रात्री उघड्यावर एक चीवर पांघरून बसले. पहिला प्रहर संपेपर्यंत थंडी वाजली नाही. मग वाजली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरल्यावर पुन्हा थंडी वाजली, तेव्हा तिसरे. पहाटे अरुणोदयाच्या वेळी पुन्हा थंडी वाजली, तेव्हा चौथे. त्यावर मात्र थंडी वाजली नाही. थंडी सोसू न शकणारा नाजूक माणूसही एवढ्यावर निभावू शकेल, हे पाहून त्यांनी तीन चीवरांचा नियम केला आणि त्यातली संघाटी दुहेरी ठेवली. म्हणजे एकूण थर चारच झाले.

यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, गरज अनुभवाने मोजायची, लोक काय म्हणतील यावरून नाही. अंगावर गाठोडे नको आणि कुडकुडणेही नको. दुसरी, एका जाडजूड कपड्यापेक्षा पातळ थर जास्त उपयोगी. ऊब कपड्यात नसते, ती दोन कपड्यांमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. थर जितके, तितकी हवा अडकलेली. शिवाय दहा-अकराला ऊन वर आले की एक-एक थर उतरवता येतो, जाड जाकीट मात्र एकदम काढावे लागते आणि घामावर गार वारा लागतो.

आतून बाहेर असे घाला

अंगाला लागून मऊ आणि अंगाबरोबर बसणारा कपडा हवा. होजिअरीचा पूर्ण बाह्यांचा बनियन किंवा बाजारात मिळणारे थर्मल या कामाला चांगले. पुरुषांचा जुना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट ब्लाउजच्या आत घालायला लाजू नये. हा थर कोरडा असला पाहिजे. सुती कपडा घाम पितो, पण लवकर वाळत नाही. डबे करताना चुलीपुढे घाम आला आणि नंतर मशीनवर बसायचे असेल, तर आतला कपडा आधी बदलावा. अर्धी थंडी ओल्या कपड्याची असते.

त्यावर नेहमीचा कपडा. साडी नेसणाऱ्या बाईची खरी अडचण कंबरेला आहे. ब्लाउज आणि साडी यांच्यामध्ये पाठ उघडी राहते आणि मशीनवर वाकले की ती आणखी उघडी पडते. बाजारचा आखूड स्वेटर तेवढ्या जागी पोचतच नाही. कंबर धरणे, पाठ आखडणे याला एका जागी वाकून बसण्याबरोबर ही थंडीही कारण असते. म्हणून स्वेटर घेताना रंग-नक्षी नंतर पाहावी. आधी तो घालून खाली बसावे, पुढे वाकावे आणि मागे पाठ झाकलेली राहते का ते पाहावे. साडीच्या आत परकराखाली लेगिंग किंवा जुनी सलवार घातली तर पायांची थंडी बरीच कमी होते.

तिसरा थर लोकरीचा किंवा तसाच फुगीर. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पिऊनही ओली वाटत नाही आणि ऊब धरून ठेवते. पण आज बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक स्वेटर लोकरीचे नसून अॅक्रिलिकचे असतात. ते वाईट नाहीत, हलके असतात, लवकर वाळतात. फक्त लोकरीचा भाव देऊन अॅक्रिलिक घेऊ नये. ओळखायचे असेल तर स्वेटरचा सुटा धागा चिमट्यात धरून, सगळ्यांपासून दूर, जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो.

जुन्या लुगड्याची बंडी

ज्या घरात गोधडी शिवता येते, त्या घरात थंडीचा कपडा विकत घ्यायलाच हवा असे नाही. आपल्या आया-आज्यांनी वाकळ शिवली ती थरांचेच शास्त्र जाणून. तीच वाकळ अंगावर घालता येईल अशी शिवली की झाली बंडी.

धुऊन-धुऊन मऊ झालेले सुती लुगडे घ्यावे. नेहमीच्या ब्लाउजच्या मापापेक्षा दोन्ही अंगांना चार-चार बोटे सैल धरून एक पाठ आणि दोन पुढचे भाग कापावेत. लांबी कंबरेखाली एक वीत ठेवावी. प्रत्येक भागाचे तीन ते चार थर एकावर एक अंथरून, सुरकुती काढून, कडेने कच्चा टाका घालावा. मग दोन-दोन बोटांच्या अंतराने उभा धावदोरा घालत जावे. फार जवळजवळ टाके घालू नयेत, थर दाबले गेले की मधली हवा जाते आणि ऊबही जाते. बंडी बिनबाह्यांची ठेवावी, म्हणजे मशीनचे चाक फिरवताना खांदा मोकळा राहतो. पुढे बटणे लावावीत, डोक्यातून घालायची करू नये. काम करता करता ती एका हाताने उघडता आली पाहिजे. दोन मोठे खिसे ठेवावेत, एक कात्री-बॉबिनसाठी आणि एक गारठलेला हात घालायला.

हाताला साधे मोजे चढवून सुई धरता येत नाही. त्यासाठी जुन्या जाड पायमोज्याचा पंजा कापून टाकावा, अंगठ्यापुरते एक भोक पाडावे आणि कड दुमडून शिवावी. मनगट आणि तळहात झाकला जातो, बोटे मोकळी राहतात. फाटलेल्या स्वेटरच्या बाह्याही अशाच कापून मनगटाला घालता येतात. कॉम्प्युटरवर बोटे चालवणाऱ्या पोरा-पोरींनाही हे तितकेच उपयोगी. मात्र लक्षात ठेवा, छाती-पोट गरम असेल तरच बोटांकडे गरम रक्त जाते. अंगात पातळ कपडा आणि हाताला मोजे, याचा उपयोग नाही.

आणि कपड्याइतकीच महत्त्वाची बसायची जागा. शहाबादी फरशी किंवा कोबा बसल्याजागी अंगातली ऊब ओढून घेतो. खाली गोणपाट, त्यावर जुनी सतरंजी आणि वर गोधडीची चौघडी, असे बसकण करावे. मशीनच्या पायट्यावर अनवाणी लोखंड लागते, तिथे पायमोजे घालावेत. कॉम्प्युटरवर बसणाऱ्याने पायाखाली लाकडी पाट किंवा पुठ्ठा घ्यावा.

जुना कपडा आणि आपला मान

आता एक नाजूक विषय. शहरात शहागंजला, गुलमंडीला आणि आपल्या आठवडी बाजारातही वापरलेले स्वेटर-जाकिटे कमी भावात मिळतात. पण आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या बाया त्यांना हात लावत नाहीत. दुसऱ्याचे उतरलेले घालायचे नाही, हे त्यांचे म्हणणे नव्या पिढीला हट्ट वाटते. तो हट्ट नाही. मेलेल्याच्या अंगावरची वस्त्रे हाच ज्यांचा पोशाख असे मनुस्मृतीने लिहून ठेवले, त्यांच्यात आपल्या वाडवडिलांची गणती होत होती. गावाने टाकलेले कापड अंगावर घेण्याची सक्ती ज्यांनी भोगली, त्यांच्या नातीने उतरलेल्या कपड्याकडे संशयाने पाहिले तर तिला हसू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हा लुगडे कसे नेसावे आणि स्वच्छ कसे राहावे हे त्यांनी आवर्जून सांगितले. अंगावरच्या कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणारी खूण पुसून टाकणे, हा त्या बोलण्याचा गाभा होता.

आम्हाला वाटते, फरक कापडात नाही, ते कसे हाती येते यात आहे. कुणी वरून टाकलेले आणि आपण खाली वाकून उचललेले, ते नको. थंडीत ब्लँकेट वाटून वर म्हाताऱ्या माणसाला फोटोसाठी उभे करणाऱ्यांचे दानही नको. पण स्वतःच्या कमाईच्या पैशाने, चार जागी पाहून, भाव करून घेतलेला कपडा हा आपला कपडा. तो आधी कुणी घातला होता याने आपला मान कमी होत नाही. पानिपतला परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे विणतात. नव्या म्हणून घेतलेल्या स्वस्त ब्लँकेटात कितीदा जुनीच लोकर असते!

जुने कापड वाया न घालवण्याची तर आपल्याकडे मोठी शिकवण आहे. चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाची कथा येते. राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्यांचे काय करणार असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ, असे आनंद म्हणाले. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. त्या जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. खोळींचे जमिनीवरचे अंथरूण, त्याचे पायपुसणे, त्याचे धूळ झटकायचे फडके आणि शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत कालवून त्याने जमीन लिंपायची. लुगड्याची गोधडी, गोधडीचे बसकण, बसकणाचे पायपुसणे हे आपल्या माय-आजीचे शहाणपण याच वाटेचे आहे. तेव्हा घरातला विटलेला स्वेटर भांडेवालीला एका पातेल्यापायी देऊन टाकू नका. उसवून त्याची लोकर काढा, लडी करून कोमट पाण्यात धुवा, खाली थोडे वजन बांधून वाळवा म्हणजे वळ्या निघतात. त्या लोकरीची पुन्हा कानटोपी होते, मोजे होतात.

वापरलेला कपडा घेतला तर खरजेची काळजी मात्र घ्या. सुती कपडा कढत पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवावा. लोकर कढत पाण्याने आटते, म्हणून लोकरी कपडा आठवडाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा आणि मग कोमट पाण्यात धुवावा. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर फार दिवस जगत नाही.

उबेपायी जीव धोक्यात नको

पहाटे गॅसपुढे उभे राहताना पॉलिस्टरची शाल, नायलॉनचा पदर किंवा झुळझुळीत ओढणी नको. हे कापड पेट घेताच वितळून कातडीला चिकटते. चुलीजवळ सुती किंवा लोकरीचाच कपडा, तोही अंगाबरोबर. मशीनवर मफलरची टोके बंडीत खोचून ठेवावीत.

आणि सर्वांत मोठा धोका शेगडीचा. कोळशाची शेगडी किंवा पऱ्हाट्यांचा विस्तव घमेल्यात घेऊन, दार-खिडकी लावून बसण्याची किंवा झोपण्याची सवय काही घरांत आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात देशात कुठून ना कुठून अशा बातम्या येतात. विस्तव अंगणात शेकावा, घरात आणू नये. घरात ऊब हवी असेल तर ती अंगावर घाला. बोटे पांढरी-निळी पडत असतील, सुजून दुखत असतील, तर मात्र घरगुती उपाय करत न बसता सरकारी दवाखान्यात दाखवावे.

पहिला स्वेटर कुणाचा?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला, एक जानेवारीला भीमा कोरेगावला, चौदा जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटवर आपण जातो, तेव्हा पेटीतली चांगली शाल, चांगला स्वेटर बाहेर निघतो. परत आले की पुन्हा पेटीत. चारचौघांत घालायचा कपडा जपायचा आणि रोजच्या कामाला कुडकुडायचे, ही रीत बदलली पाहिजे. कपडा कामासाठी आहे.

महिला मंडळांनी, बचत गटांनी यात एक साधी गोष्ट करावी. दहा-वीस घरांची मागणी एकत्र करून होजिअरीचे बनियन, थर्मल, पायमोजे ठोक भावात आणावेत. फेब्रुवारीत थंडी ओसरली की दुकानदार उरलेला माल कमी भावात काढतात, पुढच्या वर्षाची खरेदी तेव्हाच करावी. ज्या बाईला बंडी शिवता येते तिने इतरांना शिकवावी, वाटल्यास योग्य मजुरी घेऊन शिवून द्यावी. त्यातही दोन पैसे आहेत.

आणि घरातल्या पुरुषांना, कमावत्या मुला-मुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. यंदा बाजारात जाल तेव्हा मायला विचारू नका, "तुला पाहिजे का?" ती नाहीच म्हणेल. तिच्या पाठीचे माप घ्या, कंबरेखाली एक वीत जास्त धरा आणि आणून तिच्या हातात द्या. मात्र तो पेटीत जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी पहाटे डबे करून झाले आणि ती मशीनवर बसली, की तो तिच्या अंगावर आहे ना, तेवढे पाहा.

जयभीम!